क्लेटनची स्किप

खोली बघायला गेले तेव्हा त्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "गुडघे कसे आहेत?"

मला वाटलं, घर दुमजली आहे, जिना चढायचा असेल. म्हटलं, "चांगले आहेत."

"कंबर?"

"तीही."

"उकिडवी बस आणि हात न टेकता उठून दाखव."

मी बसले आणि उठले. पुण्याहून येऊन थोडेच दिवस झाले होते, क्लेटनला युनिव्हर्सिटीच्या जवळ परवडेल अशी खोली मिळत नव्हती. त्यांनी सांगितलं असतं तर मी कोलांटीउडीसुद्धा मारली असती. त्यांनी मान डोलावली, "भाड्याचं काय ते हे सांगतील," म्हणाल्या, आणि त्या घराच्या लांबलचक पॅसेजमधून एका पायावर घसरत निघून गेल्या. डावा पाय पुढे, उजवा मागे ओढलेला, दोन्ही हात पसरलेले. स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून थांबल्या आणि तिथून ओरडून विचारलं, "चहात आलं चालतं ना गं?"

त्यांचे यजमान हॉलमध्येच सोफ्यावर बसले होते. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी. जून महिना, मेलबर्नचा गारठा, आणि घरातला हीटर बंद.

"घाबरू नकोस," ते हळूच म्हणाले. "डाव्या बुटाला खालून टेफ्लॉन लावलेलं आहे. कर्लिंगचा बूट आहे तो. आणि हे बघ, तिला काकू म्हणू नकोस. चिडते."

"मग काय म्हणू?"

"स्किप म्हण. मीसुद्धा स्किपच म्हणतो. मला काका म्हण, मी चिडत नाही."

स्किप म्हणजे कर्लिंगच्या टीमची कॅप्टन. हे मला त्या दिवशी कळलं. कर्लिंग म्हणजे काय, हे कळायला मात्र अजून बरेच महिने लागले, आणि ते बर्फावर पडल्याशिवाय कळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या मूळच्या जळगावच्या. दातांच्या डॉक्टर. लग्न करून काकांबरोबर मेलबर्नला आल्या, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि घरापासून जवळच्याच एका दवाखान्यात काम करू लागल्या. जिथे उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं त्या गावात वाढलेल्या बाईने चाळिशीत बर्फावरचा खेळ धरावा, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. त्यांना वाटायचं नाही. "इतकी वर्षं उकाड्यात काढली, आता उरलेली गारव्यात," एवढंच त्या सांगायच्या.

सुरुवात अगदी साधी झाली होती. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. (आता ती सिडनीला केलीव्हिलमध्ये असते, दोन मुलांची आई आहे.) तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आइस रिंकमध्ये होता. पोरी स्केटिंग करत होत्या आणि बाकीच्या आया कॉफी पीत बसल्या होत्या. रिंकच्या अर्ध्या भागात दोरी लावून काही माणसं दगड सरकवत होती. स्किप दोरीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथे मॉरीन होती. मॉरीन मूळची स्कॉटलंडची, लहानपणीच इथे आलेली. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आवाज त्या बसच्या हॉर्नसारखा. तिने विचारलं, "हॅव अ गो, लव्ह?" या गेल्या. साडी नव्हती नशिबाने. वाढदिवसाचा केक कापून झाला, पोरी घरी जायला निघाल्या, मुलगी दोरीपाशी येऊन "मम, कॅन वी गो नाऊ?" म्हणत राहिली, तरी या बर्फावरून उठेनात. त्या दिवसाबद्दल त्या इतकंच सांगायच्या, "पहिला दगड हातातून सुटला आणि मला वाटलं, अरे, हा तर जातोय."

खेळ समजावून सांगायची त्यांची स्वतःची पद्धत होती. "कॅरम खेळलीयेस ना? तसंच. फक्त सोंगटी वीस किलोची, ग्रॅनाइटची, वर किटलीसारखी मूठ. बोर्ड एवढा लांब की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. तिकडे बर्फात गोल काढलेले असतात, त्यांच्या मधोमध दगड नेऊन थांबवायचा. आणि कॅरममध्ये सोंगटी सुटली की सुटली. इथे दगड चालत असताना दोघीजणी त्याच्यापुढे बर्फ घासत पळतात. घासलं की दगड लांब जातो, सरळ जातो. सोडलं की मंदावतो आणि वळतो. म्हणजे सोडल्यानंतरही मत बदलता येतं. असा दुसरा खेळ दाखव मला."

मंडळाच्या गणपतीत एका नव्या बाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही कर्लिंग करता म्हणे? माझ्या मुलीचं लग्न आहे, केसांचं कराल का?" स्किप शांतपणे म्हणाल्या, "करते की. झाडू आणि दगड घेऊन येऊ ना?"

त्यांच्या सवयींची आम्हा भाडेकरू पोरींना लवकर सवय झाली. घरात एकूण आम्ही तिघी होतो. हीटर फक्त काकांच्या खोलीत लागायचा, तोही काकांनी "मी इथे मरेन आणि तू मॅचला जाशील" असं म्हटल्यावर. कुणाकडे जेवायला गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि ओट्यावरून तळहात फिरवायच्या. खरा ग्रॅनाइट असेल तर चेहरा खुलायचा. नसेल तर यजमानीणबाईंना सांगायच्या, "हा दगड नाही हो, हा भुगा चिकटवलाय." पोह्यांची बशी त्या कधी हातात द्यायच्या नाहीत. ओट्याच्या त्या टोकावरून सरकवायच्या, आणि बशी बरोबर तुमच्यासमोर येऊन थांबायची. एकदाच ती खाली पडली. तेव्हा त्यांनी पोह्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओटा ओला कुणी ठेवला?" म्हणाल्या.

मॅचच्या आधी आणि नंतर कर्लिंगवाले एकमेकांशी हात मिळवतात आणि "गुड कर्लिंग" म्हणतात. स्किपना ते एवढं आवडलं होतं की त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. कुरिअरवाल्याला, रूट कॅनाल करून घेतलेल्या पेशंटला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना. माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी त्या दात घासत होत्या. तोंडात फेस असतानाच बाहेर आल्या, माझा हात हलवला आणि म्हणाल्या, "गुड कर्लिंग." मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

मेलबर्नमध्ये कर्लिंगसाठी वेगळा बर्फ नाही. हॉकीवाल्यांनी आणि स्केटिंगवाल्यांनी ओरबाडून ठेवलेल्या बर्फावर रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, थोडा वेळ मिळायचा. मग त्यावर पाठीला टाकी लावून पाण्याचे बारीक थेंब शिंपडायचे. ते गोठून दाणे झाले की त्यावर दगड चालतो. रिंक एका बाजूला किंचित उतरतं होतं, आणि दरवाजाजवळ कायम ओल असायची. राष्ट्रीय स्पर्धेला तर समुद्र ओलांडून न्यूझीलंडला जावं लागायचं, कारण चांगला बर्फ तिथे. स्किप म्हणायच्या, "आपण खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी शिकतो आणि हायवेवर शर्यत लावायला जातो." दर वर्षी जायच्या, हरून यायच्या, आणि येताना विमानातच पुढच्या वर्षीचं बोलायला लागायच्या. काका दर वेळी बरोबर असायचे. ते काचेमागच्या कॅफेत हीटरजवळ पेपर वाचत बसायचे आणि मॅच संपली की विचारायचे, "काय झालं?"

माझा नंबर एका रविवारी लागला. टीममधली लिन आजारी पडली. लिन मलेशियाची, फुलांचं दुकान चालवायची, कधी आजारी पडायची नाही. स्किपनी माझ्या दारावर थाप मारली. "ऊठ. गुडघे चांगले आहेत म्हणाली होतीस ना?"

"मला काही येत नाही, स्किप."

"घासता येतं ना? हॉस्टेलला बाथरूम घासलं नाहीस कधी?"

गाडीत ट्रेसी होती. ट्रेसी नर्स, टीममध्ये सगळ्यांत तरुण, पंचेचाळिशीच्या पुढची. ती म्हणाली, "नो वरीज, मेट. ती ओरडली की घासायचं. ओरडली नाही की घासायचं नाही."

ओरडणार कशी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्किप पलीकडच्या टोकाला गोलात उभ्या राहिल्या. मॉरीनने दगड सोडला. मी आणि ट्रेसी झाडू घेऊन दगडाच्या पुढे धावत होतो, म्हणजे ट्रेसी धावत होती आणि मी पडत होते. आणि तेवढ्यात त्या भल्यामोठ्या थंडगार हॉलमध्ये आवाज घुमला, "घासा! घासा गं! ए घासा! जोर लावा! ...सोडा! सोडा! सोडा म्हटलं ना!"

मी थबकून त्यांच्याकडे बघत राहिले. ट्रेसी मात्र "घासा"ला घासत होती आणि "सोडा"ला झाडू उचलत होती, जणू नाशिकला जन्मली होती. दगड थांबला तेव्हा मॉरीन मागून तिच्या बसवाल्या आवाजात ओरडली, "चांगला!"

नंतर मला कळलं की ही भानगड एकदा न्यूझीलंडमध्ये पंचापर्यंत गेली होती. समोरच्या टीमने तक्रार केली की ह्या बायका सांकेतिक भाषा वापरतात. पंच सभ्य माणूस होता. त्याने येऊन विचारलं की इंग्रजीत ओरडता येईल का. स्किप म्हणाल्या, "दगड मंद पडला की मी घाबरते. घाबरल्यावर मला इंग्रजी येत नाही." पंचाने नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात भाषेबद्दल काहीच नव्हतं. मग त्याने फक्त "घासा" या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. स्किपनी सांगितला आणि वर त्याला सल्लाही दिला की दात घासताना मात्र जोर लावायचा नसतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. पण माझ्या दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई गंमत म्हणून खेळत नाही.

संध्याकाळी त्यांना कॅनडाहून फोन आला. बोलणारा माणूस दिल्लीकडचा होता, तिकडे स्थायिक झालेला. भारताची बायकांची टीम उभी करायचं त्याच्या मनात होतं. जगभर पसरलेल्या, भारतात जन्मलेल्या खेळाडू तो शोधत होता. तशा बायका होत्याच किती? त्यातही स्किप म्हणून खेळलेली कोणी नव्हतीच. "मॅडम, आपका तो पक्का समझिए," तो म्हणाला. स्किपनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, काका पोळीचा घास हातात धरून बसले होते.

ऑस्ट्रेलियाच्या टीममध्ये त्या कधी येतील असं कोणालाच वाटत नव्हतं. इथे तरुण, तगड्या टीम होत्या. आणि हा माणूस भारताचा टी-शर्ट देत होता, थेट हातात.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी जळगावला पोचली. स्किपचा धाकटा भाऊ तिथे कापडाचं दुकान चालवतो. त्याने घराच्या ग्रुपवर तिरंग्यांची रांग लावली, पेढे वाटले, आणि ताईचा झाडूसकट फोटो मागवला. त्यांच्याकडच्या वर्तमानपत्रात ओळखीचा माणूस होता म्हणे.

स्किप मात्र गप्प झाल्या. दवाखान्यात जायच्या, यायच्या, जेवायला बसायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काका माझ्या दाराशी आले. चेहरा उतरलेला.

"ती चालतेय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पॅसेजमधून. साध्या चपला घालून. चालत."

मी बाहेर जाऊन पाहिलं. खरंच, स्किप स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चार माणसांसारख्या चालत येत होत्या.

रविवारी त्यांनी टीमला सांगितलं. लिन केव्हाच बरी होऊन परत आली होती, पण मीही बरोबर गेले होते. कॅफेतल्या टेबलावर त्या चौघी बसल्या. सांगून झाल्यावर मॉरीन लगेच म्हणाली, "मग जा ना, वेडे! आम्हाला काय विचारतेस?"

ट्रेसी म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर बॅग भरली असती."

लिनने होकारार्थी मान हलवली.

स्किपचे डोळे भरून आले, पण रागाने. "एवढं सोपं आहे तुम्हाला? जा म्हणे! मी गेले तर तुम्ही काय कराल?"

"कोणीतरी शोधू, लव्ह."

"शोधा! शोधा!" त्या उठल्या आणि बर्फावर निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी सोडलेला प्रत्येक दगड गोलाच्या पार मागे गेला.

घरी येताना गाडीत फक्त आम्ही दोघीच होतो. मी बिचकत विचारलं, "स्किप, तुम्हाला जायचं नाहीये का?"

सिग्नल लाल होता. त्या समोर बघत म्हणाल्या, "जायचंय गं. का नसेल जायचं? बाबा, आई असते तर त्यांनी गावभर सांगितलं असतं. छातीवर भारत लिहिलेलं... कोणाला नको असतं?" सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे काढली. "पण दगड माझ्या हातातून सुटल्यावर माझा राहत नाही ना. पुढे त्याला ट्रेसी आणि लिन नेतात. तो मॉरीन बघते. त्या तिघी आहेत म्हणून मी सोडते. तिकडे कोण असेल? चांगल्याच असतील. पण मी घाबरल्यावर काय ओरडते, ते त्यांना कुठे माहितेय?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कॅनडाला फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी विचारून पाहिलं, "मेरे साथ तीन और हैं. ला सकती हूँ?"

"इंडियन हैं?"

"नहीं. लेकिन मराठी समझती हैं."

तो माणूस मनापासून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की या हसत नाहीयेत. त्याने परत परत समजावलं. त्यांनी आभार मानले, नाही म्हटलं, "गुड कर्लिंग" म्हणून फोन ठेवला. काका उठले आणि दोन कपांत कॉफी केली.

भावाला कळलं तेव्हा त्याचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मला खोलीत ऐकू येत होता. "देशाला नाही म्हणालीस, ताई? देशाला? कोणासाठी? त्या गोऱ्या म्हाताऱ्यांसाठी?" त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला. दिवाळीला फोन नाही, भाऊबीजेला नाही. स्किप लावायच्या, तो उचलायचा नाही. त्या भाचीला विचारून त्याची खुशाली काढायच्या. एवढं एकच दुःख मी त्यांना उराशी धरून राहताना पाहिलं. बाकी बाबतीत त्या पुन्हा घसरायला लागल्या होत्या.

पुढे माझं शिक्षण संपलं, दोन-तीन नोकऱ्या झाल्या, इथे कायम राहायची पीआर मिळाली, आणि मी डार्विनच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला आले. निघताना स्किप म्हणाल्या, "डार्विन? तिथे तर बरणीतलं मीठसुद्धा विरघळतं हवेत. गुडघ्यांची काळजी घे." फोन चालू राहिले. एकदा त्यांचा आवाज एवढा आनंदी होता की मला वाटलं, मुलीकडे तिसरं बाळ येतंय.

"अगं, ट्रेसी पन्नास वर्षांची झाली!"

"हो? तिला शुभेच्छा सांगा."

"शुभेच्छा काय सांगतेस! आता आम्ही चौघीही पन्नाशीच्या वर. आता सीनियरमध्ये खेळता येईल!"

सीनियर बायकांच्या गटात देशात टीम अगदी मोजक्या. स्किप हे लपवायच्या नाहीत. "एका हाताला जेवढी बोटं तेवढ्याही टीम नाहीत," त्या म्हणायच्या. पण ज्या होत्या त्यांना तरी हरवायचं होतंच. पहिल्या वर्षी जमलं नाही. दुसऱ्या वर्षी न्यूझीलंडच्या त्या हायवेवर अखेर जमलं. आणि त्या चौघी ऑस्ट्रेलियाच्या हिरव्या-पिवळ्या जाकिटात युरोपला जागतिक स्पर्धेला गेल्या. मॉरीन तेव्हा सत्तरीला टेकली होती.

तिथे त्या हरायला लागल्या. रोज हरायच्या. समोर स्वित्झर्लंड, कॅनडा, स्वीडन असल्या देशांच्या बायका. त्या पाळण्यातून उतरल्या त्या बर्फावरच. काका मला व्हिडिओ कॉल करून मॅच दाखवायचे, कारण त्यांच्या बर्फाच्या पट्टीवर टीव्हीचा कॅमेरा कधी यायचाच नाही. काकांचा अंगठा बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर असायचा, आणि ते काचेमागे उबेत बसलेले असल्यामुळे काचेत त्यांची माकडटोपीच जास्त दिसायची.

शेवटून दुसरी मॅच सकाळची होती. डार्विनमध्ये तेव्हा दुपार टळून गेली होती. मी शिफ्ट संपवून घरी येऊन पंख्याखाली बसले होते. एप्रिल आला तरी इथल्या पावसाळ्याचा दमटपणा गेला नव्हता, अंगाला कपडे चिकटत होते. कॉल उचलला तर पडद्यावर आज दोन चौकोन. एकात काका. दुसऱ्यात एक जाडसर गृहस्थ, बनियनवर, हातात पुठ्ठ्याचा पंखा. मागे कापडाचे तागे.

"हा माझा मेहुणा," काका म्हणाले. "जळगावहून. लाइट गेलेत त्याच्याकडे. मीच लावला फोन. म्हटलं, उचलला तर उचलला."

गृहस्थ पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

समोर एका लहानशा युरोपीय देशाची टीम होती, तीही रोज हरणारी. मॅच बरोबरीत शेवटापर्यंत आली. एकच दगड उरला होता, स्किपचा. गोलाच्या मध्याशी समोरच्या टीमचा लाल दगड बसला होता. त्याच्याहून आत जाऊन थांबायचं होतं.

"काका, अंगठा!" मी ओरडले.

"थांब, दिसत नाहीये इथून," काका म्हणाले. चित्र हलायला लागलं. जिना दिसला, एक दरवाजा दिसला, आणि मग सगळं पांढरं. काका चक्क काचेबाहेर येऊन बर्फाच्या कडेला उभे राहिले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या श्वासाची वाफ कॅमेऱ्यावर येत होती.

तेवढ्यात जळगावहून आवाज आला. "भाऊजी, आपला कोणता? लाल की पिवळा?"

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "पिवळा रे. आपला पिवळा."

स्किप बसल्या, मागे झुकल्या आणि घसरत निघाल्या. हात लांब झाला आणि दगड सुटला. तो मंद होता. मला इतक्या लांबूनही कळलं की तो मंद आहे. पलीकडून सत्तर वर्षांच्या मॉरीनने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या पट्ट्यांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "घासा! घासा! घासा!" ट्रेसी आणि लिन दगडावर जवळजवळ आडव्या झाल्या होत्या. स्किप मागून गुडघ्यांवर तशाच सरकत येत होत्या, त्याही ओरडत होत्या. आणि जळगावचे गृहस्थ पुठ्ठ्याचा पंखा टेबलावर आपटत होते, "घासा रे! अरे घासा!"

दगड गोलात शिरला, रेंगाळला, लाल दगडाला न शिवता त्याच्या आतल्या बाजूला जाऊन थांबला.

मग पडद्यावर नुसता गोंधळ. काकांचा बूट, छत, कोणाचं तरी हिरवं जाकीट. जळगावच्या चौकोनात रिकामी खुर्ची. ते उठून दुकानाच्या दारात गेले होते आणि रस्त्यावरच्या कोणाला तरी ओरडून सांगत होते, "आपली ताई जिंकली!"

त्या रात्री स्किपचा फोन आला नाही. आला तो दोन दिवसांनी, परतीच्या प्रवासात विमानतळावरून. भावाशी तासभर बोलल्याचं सांगितलं. तो आधी रडला, मग म्हणाला की तुझ्या टीमने मधल्या दगडांना फार घाई केली.

मी विचारलं, "जिंकल्यावर काय केलंत?"

"अगं, ती एक पंचाईतच झाली," त्या म्हणाल्या. "आमच्यात पद्धत आहे, मॅच झाली की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना घेऊन बसायचं, काहीतरी पाजायचं. रोज आम्हालाच कोणीतरी पाजत होतं. मी आपली हॉट चॉकलेट घ्यायचे. हरल्यावर काय बोलायचं ते मला तोंडपाठ आहे. छान खेळलात, बर्फ छान होता, पुन्हा भेटू. आणि त्या दिवशी आम्ही यजमान. समोर त्यांची स्किप येऊन बसली. शेतकरीण आहे, हात असे माझ्या दुप्पट. आणि तिचे डोळे लाल. त्यांनी हीच एक मॅच मनात धरली होती जिंकायची. आमच्यासारखीच."

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणणार? जिंकलेल्याने काय बोलायचं असतं ते मला कुठे माहीत होतं! मी तिला विचारलं, मुलं किती तुला? चार मुलगे. फोटो दाखवले, सगळे ताडासारखे उंच. गाईंचेही दाखवले. मग काकांनी हॉटेलवरून चिवड्याचा डबा आणला, तो तिने मांडीवरच घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. खूप वेळ बसलो आम्ही. पुढच्या मॅचच्या बायका टेबल मागायला आल्या तेव्हा उठलो."

मागे विमानाची घोषणा झाली. मॉरीनचा आवाज आला, काहीतरी विसरलं होतं तिचं.

"आणि दुसऱ्या दिवशीची मॅच?" मी विचारलं.

"ती हरलो. वाईट हरलो," स्किप म्हणाल्या. "पण झोप काय छान लागली होती गं!"